रंग लावा, पण खिडकी उघडी ठेवून

चामड्याचे जाकीट घरच्या घरी रंगवणे हा आजकाल छंद समजला जातो. सवर्ण घरातली पोरेही हातमोजे घालून चामड्याला रंग देतात, व्हिडिओ टाकतात, वाहवा मिळवतात. आमचा त्याला विरोध नाही. आमचा प्रश्न एवढाच आहे : याच चामड्याला हात लावला म्हणून ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेर ठेवले, त्यांचे काम कधी 'छंद' किंवा 'कला' का ठरले नाही?

विटाळ चामड्यात नव्हताच. चामड्याच्या मोटेचे पाणी शेताला चालले, मृदंगाचे चामडे देवळात चालले. चालला नाही तो चामडे कमावणारा माणूस! मराठीत कातडे 'कमावतात' आणि पैसाही 'कमावतात'. क्रियापद एकच, पण ढोर समाजाच्या वाट्याला पहिली कमाई आली आणि दुसरी भलत्यांच्याच घरी गेली.

हे काम अडाण्याचे, असे सांगितले गेले. वस्तुस्थिती काय? बाभळीची साल आणि हिरडा यांतल्या टॅनिनने कातडे टिकाऊ होते. अशा चामड्यावर लोखंडाचे आंबवलेले पाणी फिरवले की टॅनिन आणि लोह यांची प्रक्रिया होऊन ते काळे पडते. क्रोमने कमावलेल्या चामड्यावर ही युक्ती चालत नाही. कोणत्या चामड्याला काय लागू पडते हे ओळखणे म्हणजेच रसायनशास्त्र. फक्त ते शिकवणाऱ्याला कुणी प्राध्यापक म्हटले नाही.

आम्ही मित्रांनी गेल्या हिवाळ्यात दोन जुनी जाकिटे रंगवली. कोपरे आणि कॉलर पांढरट पडली होती. आधी ओल्या फडक्याने मळ काढला. मग स्पिरिटने वरची जुनी चकाकी उतरवली, कारण ती राहिली तर रंग आत मुरत नाही, नुसता वर बसतो आणि नंतर सोलून निघतो. आतल्या शिवणीजवळ थोडा रंग लावून पाहिला. गडद चामडे फिके होत नाही, म्हणून तपकिरीवर काळाच घेतला. स्पंजने पातळ हात दिला, वाळू दिला, मग दुसरा दिला. शेवटी थोडे तेल, वरून फिनिश. पांढरे फडके घासून त्यावर रंग येईनासा झाला तेव्हाच जाकीट अंगात घातले.

बाटली उघडली तशी घरातल्या आत्या उठल्या आणि त्यांनी दार-खिडक्या लावून घेतल्या. "शेजारी बघतील रे!" एवढेच म्हणाल्या. स्पिरिटच्या वाफेत खिडकी उघडीच ठेवावी लागते, नाहीतर डोके गरगरते. आम्ही त्यांना ते समजावले. पण त्यांनी बंद केली होती ती खिडकी वासासाठी नव्हतीच. जात अशी हाताच्या सवयीत जाऊन बसते.

तरीही 'परंपरागत कौशल्य जपा' असा उपदेश आम्ही कुणाला करणार नाही. मेलेली ढोरे ओढणे सोडल्याने अस्पृश्यांचे उत्पन्न बुडेल, असा हिशेब मांडणाऱ्यांना बाबासाहेबांनी 15 ऑक्टोबर 1956 च्या नागपूरच्या भाषणात उत्तर दिले होते : फायदा एवढा आहे तर तो तुम्हीच का घेत नाही? हा प्रश्न आजही तसाच उभा आहे. सक्तीने केलेले काम आणि मर्जीने केलेले काम यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ज्याला ते सोडायचे त्याने बेधडक सोडावे, शिकावे, दुसरे काही करावे. ज्याला करायचे त्याने ज्ञान म्हणून, धंदा म्हणून, पूर्ण दाम घेऊन करावे.

आणि तरुण मित्रांनो, स्वतः एक जाकीट रंगवून पाहा. किती वेळ, किती नजर, किती हात लागतो ते कळेल. मग नाक्यावर बसलेल्या चर्मकार दादाने बुटाला रंग देण्याचे जे पैसे सांगितले, त्यात घासाघीस करायला तुमची जीभ रेटणार नाही. कलेचे गोडवे गाणाऱ्या समाजाला एवढेच विचारा : दाम देता का, आणि पंगतीला शेजारी बसवता का?

जय भीम!