जिंकलेला खटला

दिवाळीची साफसफाई निघाली, की आमच्या घरी पहिली संक्रांत येते ती माझ्या जुन्या दप्तरांवर. "वकिली सोडून दहा वर्षं झाली, आता तरी ही बाडं रद्दीत घाला," हे सौभाग्यवतींचे दरवर्षीचे भाषण. यंदा मीही निमूटपणे मान हलवली. पण एक बाड काही हातातून सुटेना. तो खटला मी जिंकला होता.

एका विधवेचा शेताबद्दलचा दावा होता. शेत तिचेच, हे मलाही दिसत होते; पण दावा लागला तो मुदत संपल्यावर अकरा दिवसांनी. मी दिवस मोजून दाखवले आणि दावा फेटाळला गेला. बाहेर व्हरांड्यात तिने विचारले, "वकीलसाहेब, पण शेत आमचंच होतं ना?" मी घड्याळाकडे पाहिले.

म्हणूनच थॅडियस स्टीव्हन्स या अमेरिकन वकिलाचे चरित्र वाचताना मी १८२१ सालापाशी थबकलो. हा गृहस्थ १७९२ साली व्हरमाँटमध्ये जन्मला. घरची गरिबी, एक पाय जन्मापासून अधू. पेनसिल्व्हेनियातल्या गेटिसबर्गला त्याने वकिली थाटली. सहा महिने त्या राज्यात राहिलेला गुलाम मुक्त, असा तिथला कायदा. चॅरिटी बटलर नावाच्या स्त्रीने त्याच आधारावर सुटका मागितली. पण तिचा मुक्काम सलग नव्हता, तुकड्यातुकड्यांचा होता. स्टीव्हन्स मालकातर्फे उभा राहिला. तुकड्यांची बेरीज करता येत नाही, असा निकाल झाला आणि ती माउली मुलांसह गुलामीत परत गेली.

पुढचा स्टीव्हन्स मात्र निराळाच. पळून आलेल्या गुलामांसाठी तो कोर्टात उभा राहू लागला. १८३५ मध्ये राज्याच्या विधिमंडळात भाषण करून त्याने मोफत शाळा वाचवल्या. १८३८ च्या राज्यघटनेने मतदान फक्त गोऱ्यांना दिले, तेव्हा त्याने तिच्यावर सही केली नाही. पुढे काँग्रेसमध्ये गुलामगिरी संपवणाऱ्या तेराव्या आणि समान संरक्षण देणाऱ्या चौदाव्या घटनादुरुस्तीसाठी तो हिरिरीने झगडला. मुक्त झालेल्यांना चाळीस-चाळीस एकर जमीन द्यावी, हा त्याचा आग्रह मात्र कोणी मानला नाही. ११ ऑगस्ट १८६८ रोजी तो वारला. इतर स्मशानभूमींत वर्णभेद होता, म्हणून लँकॅस्टरच्या एका लहानशा स्मशानभूमीत, सर्व वर्णांच्या शेजारी त्याने जागा पसंत केली. हे कारण त्याच्या थडग्यावर कोरलेले आहे.

एवढे सारे केले. पण या सत्कृत्यांची बेरीज चॅरिटी बटलरच्या खात्यावर कशी जमा व्हावी? तिचा निकाल तसाच राहिला.

ते बाड मी पुन्हा फळीवर ठेवले. सौभाग्यवतींनी पाहिले, पण त्या काही बोलल्या नाहीत. आत त्या बाईच्या गावाचे नाव आहे. भाऊबीज उरकली, की एकदा तिकडे जाऊन यावे म्हणतो. ती असेल, नाहीतर तिची मुले असतील. तिच्या प्रश्नाचे उत्तर "हो" असे होते. तेवढे तरी सांगून यावे.