मांडवगडची शंखाकृती पन्हळ

इंदूरहून धारमार्गे मांडवगड सुमारे शंभर किलोमीटर पडतो. गेल्या वर्षी भाद्रपदात वसतिगृहातील मुलांना घेऊन आम्ही तेथे गेलो, तेव्हा मनात इतिहासाची हौस थोडी आणि चिंता मोठी होती. आमच्या बागेतील तळे बुजवून टाकावे, असा ठराव दोनच दिवसांपूर्वी झाला होता.

ते तळे जुन्या पिढीने श्रमदानाने खोदलेले आणि दगडचुन्यात बांधलेले. पण दरवर्षी श्रावण उलटला की पाणी हिरवट होई, घाण सुटे. त्या वर्षी दोन मुलांना डेंग्यूचा ज्वर आला. एकाला आठ दिवस रुग्णालयात ठेवावे लागले. तपासणीस आलेल्यांना तळ्याच्या कडेला डासांच्या अळ्या सापडल्या. त्याच डासांचा दंश झाला की दुसऱ्या कोठल्या, हे कोण सांगणार? मुलाच्या आईने आम्हांस एका शब्दानेही दोष दिला नाही. तेच आम्हांस अधिक लागले.

मांडवगड डोंगरमाथ्यावर वसलेला. पावसाचे पाणी साठवावे तेव्हाच तेथे वर्ष निघावे. मुंज तलाव आणि कपूर तलाव यांच्यामध्ये सुमारे १२० मीटर लांबीचा जहाज महाल उभा आहे. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात माळव्यावर राज्य करणाऱ्या घियासुद्दीन खिलजीचे नाव त्याच्याशी जोडले जाते. महालाच्या गच्चीवर एक कुंड आहे. त्यात पाणी आणणारी पन्हळ सरळ येत नाही. शंखासारखी वळणे घेत येते. नुकतीच एक सर येऊन गेली होती. एका मुलाने पन्हळीत वाळके पान सोडले. ते फिरत फिरत, जणू विचार करीत, पुढे सरकू लागले.

आमचे वृद्ध माळीबाबा बरोबर होते. ते खाली वाकून पाहत म्हणाले, “फादर, पाण्याला दमवलंय हो इथं. दमलं की ते माती टाकून देतं.” आणि थोड्या वेळाने, “आपल्या तळ्याला यायची वाट आहे, जायची नाही.”

एवढी वर्षे आम्ही तळ्यात वरून नवे पाणी सोडीत होतो. जादा पाणी काठाशी बसविलेल्या नळीने वाहून जाई. पण ती नळी वरचे निर्मळ पाणी तेवढे नेई. कुजकी पाने आणि माशांची घाण तळाशीच राही.

परतल्यावर आम्ही एक महिन्याची मुदत मागून घेतली. तळे उपसले, तो हातभर काळा गाळ निघाला. तळाला एका कोपऱ्याकडे उतार दिला, सर्वांत खोल जागी मोरी ठेवली आणि तिच्या नळाला चावी बसविली. छपराचे पाणी आता प्रथम एका लहान हौदात येते. तेथे दोन आडव्या भिंतींना वळसे घालताना त्याचा वेग मोडतो व माती खाली बसते. पहिल्या पावसाचे पाणी आम्ही तळ्यात घेतच नाही. छपरावरची सारी धूळ त्यातच असते. मोरीचे पाणी केळी आणि कर्दळीच्या वाफ्यांत जाते. ते गल्लीत सोडणे सोपे होते. पण आपले डास शेजाऱ्याच्या दारी पोहोचविणे याला स्वच्छता म्हणता येत नाही.

दर शनिवारी चावी उघडून तळचे थोडे पाणी सोडतो आणि काठ घासतो. उष्ण हवेत अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवडा चुकवून चालत नाही. अळ्या खाण्यास गप्पी मासे सोडले आहेत; पण माशांच्या भरवशावर मोरी विसरू नये.

यंदाचा श्रावण सरला. पाणी निवळ आहे. तळची पायरी दिसते. ठराव अजून वहीत आहे, मात्र तो अमलात आणण्याची गोष्ट कोणी काढीत नाही. शनिवारची चावी फिरविण्याचा मान, रुग्णालयातून परतलेल्या त्या मुलाने आपणहून मागून घेतला आहे.

वाचकहो, आपल्यापैकी कोणी अंगणात लहानसे तळे किंवा हौद बांधणार असेल, तर पाणी कोठून आणावे हे आपण आधी विचाराल. ते जाईल कोठून, हे त्याच्याही आधी विचारा.