न नाकारलेले ते कबूल

माझ्या फुफीने वाटणीचा दावा लावला तेव्हा घरात चर्चा झाली ती वकिलाच्या फीची आणि लोक काय म्हणतील याची. दाव्याचा कागद मात्र कुणी वाचला नव्हता. तो मी वाचला.

१९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे वादीचे वादपत्र आणि प्रतिवादीची कैफियत यांना प्लीडिंग्ज म्हणतात. त्यात थोडक्यात घटना मांडायच्या असतात. पुरावा नंतर येतो. कैफियत समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत द्यायची असते. कारण दाखवल्यास कोर्ट ९० दिवसांपर्यंत मुदत वाढवू शकते.

यातला एक नियम प्रत्येक घराला माहीत हवा. वादपत्रातली जी गोष्ट स्पष्टपणे नाकारली नाही, ती सहसा मान्य आहे असे धरले जाते. वडीलधाऱ्यांपुढे गप्प राहणे हा आपल्याकडे अदब. कोर्टात तीच कबुली ठरते. 'सगळेच खोटे' असे मोघम लिहूनही भागत नाही. प्रत्येक कलमाला वेगळे उत्तर द्यावे लागते.

आमच्या कैफियतीचा पहिला मसुदा तसाच मोघम होता : 'दाव्यातील सर्व मजकूर खोटा व लबाडीचा असून प्रतिवादीस मान्य नाही.' मी तो अब्बांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "पहिल्या कलमात ती माझ्या वालिदांची मुलगी असल्याचे लिहिले आहे. तेही खोटे? आणि त्याखाली मी सही करू?"

कैफियतीच्या शेवटी सत्यापन असते. वरचा मजकूर खरा आहे, असे त्यावर सही करणारा सांगतो. ती एक शहादतच आहे.

मग कैफियत नव्याने लिहिली. नाते मान्य. जुने घर दादांचे, हेही मान्य. दोन भाऊ, एक बहीण. म्हणून शरीअतप्रमाणे त्यात फुफीचा पाचवा हिस्सा, तोही मान्य. नाकारले ते एवढेच की बाजारातला गाळा दादांचा होता. तो अब्बांनी स्वतःच्या कमाईतून घेतल्याचे आम्ही खरेदीखताच्या तारखेसह लिहिले.

दावा अजून चालू आहे. पण वाद आता फक्त गाळ्याचा उरला आहे. घराच्या हिश्श्यासाठी फुफीला साक्षीदार आणावे लागणार नाहीत, आणि बहिणीला परकी ठरवण्याचा गुन्हा अब्बांच्या माथी आला नाही.

तुमच्या दारी समन्स आले तर ते टाळू नका. वादपत्राची नक्कल घ्या, कलमवार वाचा, वाचता येत नसेल तर वाचून घ्या. सही त्यानंतरच करा.