चूल आणि शेत

गोठ्यातील शेणावर दोघांचा हक्क असतो. एक चुलीचा आणि दुसरा शेताचा. शेणाच्या गोवऱ्या थापल्या, तर चूल पेटते, पण शेत उपाशी राहते. तेच शेण उकिरड्यात टाकले, तर शेताला खत मिळते. परंतु घरातील माउलीला सरपणासाठी रान तुडवावे लागते. शिवाय धुराने तिचे डोळे चुरचुरतात, ते वेगळेच!

हा जुना तंटा गोबरवायूने मिटविला. शेणात तितकेच पाणी कालवून तो काला जमिनीतील बंद विहिरीत सोडतात. तेथे हवा शिरत नाही. अशा जागी वाढणारे सूक्ष्म जीव शेण कुजवितात आणि त्यातून मिथेन हा ज्वलनशील वायू निघतो. सुमारे २५ किलो शेणापासून १ घनमीटर वायू मिळतो. नळीवाटे तो स्वयंपाकघरात येतो आणि निळ्या ज्योतीने, धुरावाचून जळतो. शेणातील नत्र मात्र जळून जात नाही. उरलेल्या रबडीबरोबर ते शेताला पोचते.

ज्याच्या दावणीला जनावर नाही, त्याने काय करावे? पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी खरकट्यावर चालणारे लहानसे संयंत्र सिद्ध केले. २००६ साली त्यास ॲश्डेन पुरस्कार लाभला.

या विहिरीला मात्र नित्य घास भरवावा लागतो. आळस केला, की ज्योत मंदावते. जे घर हा नेम पाळते, तेथे चूलही तृप्त असते आणि शेतही.