आधी पिंग मोजा, मग व्हीपीएन घ्या

दिवाळीची सुट्टी लागली की ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली मुलं मला एकच प्रश्न विचारतात: ‘काका, गेमसाठी कुठला व्हीपीएन घेऊ?’ इथे नेटवर्कची जोडणी-दुरुस्ती हा माझा व्यवसाय. माझं उत्तर ठरलेलं असतं: आधी पिंग, म्हणजे संदेश जाऊन-येऊन लागणारा वेळ, मोजू.

इथल्या दाल बाजारात खाली डाळीची पेढी, वर घर आणि दोन्हींना मिळून एकच राउटर, असं बऱ्याच ठिकाणी दिसतं. अशाच एका घरी मुलगा बीजीएमआय हा मोबाइल गेम खेळताना सारखा अडकत होता. लॅपटॉपवर मी दोन पिंग शेजारीशेजारी लावले. राउटरपर्यंत 2-3 मिलिसेकंद, अगदी स्थिर. त्याच्या पुढच्याच टप्प्यावर, म्हणजे नेटवाल्याच्या यंत्रापाशी, आकडा 12 वरून एकदम 300 वर जायचा. गोदामातले कॅमेरे रेकॉर्डिंग क्लाउडवर चढवत होते, अपलोड तुडुंब भरलं होतं आणि गेमची डेटा-पाकिटं राउटरच्या रांगेत ताटकळत होती. या दुखण्याला ‘बफरब्लोट’ म्हणतात. त्यावर कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी 2012 मध्ये ‘कोडेल’ ही रांग आवरायची पद्धत मांडली. आज बऱ्याच राउटरांत ती किंवा तिची भावंडं ‘एसक्यूएम’ या नावाखाली सापडतात. ती चालू केली, कॅमेऱ्यांचा दर्जा थोडा उतरवला आणि खेळ सुरळीत झाला. इथे व्हीपीएनने काहीच साधलं नसतं. गल्लीत पोती उतरवायला ट्रक आडवा लागला असेल, तर पुढचा बायपास मोकळा असून काय उपयोग?

व्हीपीएन कामी येतो तो बिघाड पुढच्या वाटेवर असेल तेव्हा. कधीकधी संध्याकाळी नेटवाल्याकडून मुंबईतल्या गेम सर्व्हरकडे जाणारी पाकिटं भलत्याच वळणाने जातात. पाकिटांची वाट दाखवणाऱ्या ट्रेसराउटमध्ये ते स्पष्ट दिसतं. तेव्हा मधला चांगला टप्पा गाठून देणारा व्हीपीएन पिंग खरोखर उतरवतो.

पण तो टप्पा आहे कुठे, हे पाहावंच लागतं. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांत व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांच्या नोंदी पाच वर्षं ठेवायला सांगितलं. त्यानंतर एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातले सर्व्हर काढून घेतले. यादीत ‘इंडिया’ लिहिलेलं असलं तरी यंत्र सिंगापूरला असू शकतं. फायबरमधून प्रकाश एका मिलिसेकंदात सुमारे 200 किलोमीटर जातो. ग्वाल्हेर ते मुंबई सरळ रेषेत जेमतेम हजार किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन 10 मिलिसेकंद. सिंगापूरवरून गेलात तर कागदावरच 80 च्या आसपास. खेळणाऱ्याने यासाठी पैसे मोजावेत, हे मला पटत नाही. त्यापेक्षा मुंबईच्या डेटा सेंटरमधलं छोटं यंत्र भाड्याने घेऊन त्यावर वायरगार्ड हा व्हीपीएन बसवलेला बरा.

वायरगार्ड यूडीपीवर चालतो, म्हणूनही मला तो आवडतो. टीसीपीवरच्या व्हीपीएनमध्ये एक पाकीट हरवलं की ते पुन्हा येईपर्यंत मागची सगळी खोळंबतात. गेमला मात्र शिळ्या पाकिटाची गरजच नसते. तुटक लाइनवर हा फरक लगेच जाणवतो. फुकटच्या ॲपांपासून मी मुलांना लांबच ठेवतो, कारण तुमची सगळी वाहतूक त्यांच्या हातातून जाते.

आणि लाइनच बंद असेल तर? 2 एप्रिल 2018 च्या भारत बंदात ग्वाल्हेरचं मोबाइल इंटरनेट थांबवलं होतं. अशा वेळी कुठलाही व्हीपीएन चालत नाही, कारण त्यालाही आधी इंटरनेटच लागतं. रोजच्या अडचणींसाठी मात्र माझा पहिला खर्च राउटरपासून खेळायच्या जागेपर्यंतच्या लॅन केबलवर असतो, कारण लष्करातल्या जुन्या जाड भिंतींतून वाय-फाय धड पोचत नाही. फोनवर खेळणाऱ्यासाठी त्याच केबलने त्या खोलीत दुसरा ॲक्सेस पॉइंट बसवतो.