दत्तक मूल, सिकलसेल आणि ख्रिस्ती घर : वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात

सिकलसेल हा विदर्भात मोठ्या प्रमाणावर आढळणारा आनुवंशिक रक्तविकार आहे. रक्तातील हिमोग्लोबिनच्या रचनेत एक लहानसा दोष असतो. त्यामुळे प्राणवायू कमी पडला, अंगातले पाणी आटले किंवा ताप चढला, की गोल लाल पेशी ताठर होऊन विळ्याच्या आकाराच्या होतात. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि लवकर फुटतात. पहिल्या कारणाने असह्य वेदना होतात, दुसऱ्या कारणाने रक्त कमी होते. मध्य भारतातील या दोषाची नोंद नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. वर्धा जिल्हा याच पट्ट्यात येतो. अनुसूचित जाती-जमातींत या दोषाचे प्रमाण अधिक असले, तरी इतर समाजांतही तो आढळतो. धर्मांतराने रक्तातील वारसा बदलत नाही, म्हणून याच समाजांतून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनाही हा आजार परका नाही.

आई आणि वडील दोघांकडून दोष आला, तर मूल सिकलसेलग्रस्त होते. दवाखान्यातल्या बोलीत त्याला ‘एसएस पॅटर्न’ म्हणतात. एकाकडूनच आला, तर मूल वाहक, म्हणजे ‘एएस पॅटर्न’चे असते. वाहकाला सहसा त्रास होत नाही आणि त्याला आजारी समजण्याचे कारण नाही. दत्तकाच्या निर्णयात हा फरक फार महत्त्वाचा ठरतो, कारण विद्राव्यता चाचणीत ग्रस्त आणि वाहक दोघांचाही निकाल सकारात्मक येतो. नेमके निदान इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या तपासणीनेच होते. मुलाच्या वैद्यकीय अहवालात नुसते ‘सिकलिंग पॉझिटिव्ह’ लिहिलेले असेल, तर पुढची तपासणी मागून घ्यावी. अशा अपुऱ्या शेऱ्यामुळे एखाद्या निरोगी वाहक बाळाचे घर हुकू नये.

कायद्याची वाट

महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाला अनाथ मुलांच्या संगोपनाची मोठी परंपरा आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात आल्या आणि शेकडो निराधार मुली व स्त्रियांना सोबत घेऊन गेल्या. केडगावचे मुक्ती सदन त्यातूनच उभे राहिले. वर्धा जिल्हा त्या वेळी मध्य प्रांतातच होता. मिशनची बालगृहे आणि वसतिगृहे यांनी पुढे कैक पिढ्या सांभाळल्या. मात्र ही सगळी माया संस्थेच्या छपराखालची होती. मूल आपल्या घरात, आपल्या नावाने आणि वारसाहक्कासह वाढवायचे, तर ख्रिस्ती दांपत्याला कायद्याचा आधार नव्हता.

१९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांना लागू होतो. ख्रिस्ती, मुस्लिम, पारशी आणि ज्यू यांच्यासाठी १८९० चा पालक व पाल्य कायदा तेवढा उरत असे. त्याखाली दांपत्य पालक होई, आईवडील होत नसे. मूल सज्ञान झाले की ते नाते कायद्याच्या दृष्टीने संपे. सर्वांसाठी एकच दत्तक कायदा करण्याचे प्रयत्न १९७२ आणि १९८० च्या विधेयकांतून झाले, पण दोन्ही विधेयके मार्गी लागली नाहीत. गेल्या शतकाच्या अखेरीस मुंबई उच्च न्यायालयाने मॅन्युएल थिओडोर डिसूझा प्रकरणात महत्त्वाची भूमिका घेतली. घर आणि आईवडील मिळणे हा अनाथ मुलाच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे मानून न्यायालयाने ख्रिस्ती दांपत्याला दत्तकाची वाट मोकळी केली.

खरा बदल बाल न्याय कायद्याने घडवला. २००० च्या कायद्यात आणि २००६ च्या दुरुस्तीत दत्तकविधान धर्मनिरपेक्ष झाले. १९ फेब्रुवारी २०१४ रोजी शबनम हाश्मी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की कोणत्याही धर्माच्या व्यक्तीला या कायद्याखाली मूल दत्तक घेता येते आणि व्यक्तिगत कायदा त्याच्या आड येत नाही. सध्याचा २०१५ चा बाल न्याय कायदा जानेवारी २०१६ पासून लागू आहे. त्याच्या कलम ६३ नुसार दत्तक मूल सर्व बाबतींत, वारसाहक्कासह, दत्तक आईवडिलांचेच अपत्य ठरते. ख्रिस्ती कुटुंबांच्या वारसाहक्काला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो आणि त्यात कलम ६३ चा आधार मिळतो. तरीही शेती किंवा घर सामायिक असेल, तर मृत्युपत्र करून ठेवणे शहाणपणाचे असते. भाऊबंदकीचा वाद आजारी मुलाच्या वाट्याला येऊ नये.

मूल घरी येते तेव्हा

दत्तकाची नोंदणी केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘कारा’च्या, संकेतस्थळावर होते. त्यानंतर समाजसेविका घरी येऊन गृहअभ्यास अहवाल तयार करते. बालकल्याण समितीने मूल दत्तकासाठी मोकळे असल्याचे जाहीर केलेले असावे लागते. दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी दांपत्याच्या वयांची बेरीज ८५ पेक्षा, तर दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी ९० पेक्षा जास्त चालत नाही. निरोगी तान्ह्या बाळासाठी दांपत्यांना बराच काळ थांबावे लागते. विशेष गरजा असलेल्या मुलांना मात्र कुटुंबे कमी मिळतात, म्हणून तयारी असलेल्या दांपत्याला अशा मुलाची निवड लवकर करता येते. होकार देण्याआधी मुलाचा वैद्यकीय अहवाल आपल्या डॉक्टरांना दाखवण्याची मुभा असते. २०२१ च्या दुरुस्तीने दत्तक आदेशाचा अधिकार न्यायालयाऐवजी जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे सोपवला. मूल घरी आल्यावर दोन वर्षे, दर सहा महिन्यांनी, संस्थेकडून पाठपुरावा होतो.

दीड-दोन वर्षांचे मूल नव्या घरात येते, तेव्हा त्याला माणसे, वास, अंथरूण, भाषा असे सगळेच नवे असते. संस्थेत वाढलेली काही मुले दुखले तरी रडत नाहीत, कारण रडल्यावर कोणी लगेच उचलून घेईल याची त्यांना सवय नसते. इतर मुलांत ही गोष्ट शहाणपणाची वाटते, सिकलसेलच्या मुलात ती धोक्याची ठरते. म्हणून पहिल्या महिन्यांत मुलाचे दुखणे त्याच्या वागण्यावरून ओळखावे लागते. काल धावणारे मूल आज पाय टेकवायला तयार नसेल, हाताची किंवा पावलांची बोटे सुजून गरम झाली असतील, तर ते हातापायांच्या हाडांतले सिकलसेलचे दुखणे असू शकते. दोन वर्षांच्या आतल्या मुलांत पुष्कळदा हेच पहिले लक्षण असते.

रोजची औषधे, रोजचा हात

या वयात दोन गोष्टी जीवघेण्या ठरतात : जंतुसंसर्ग आणि प्लीहेत अचानक रक्त साचणे. सिकलसेलमध्ये प्लीहा, म्हणजे पानथरी, लहानपणीच निकामी होऊ लागते आणि न्यूमोकोकससारख्या जंतूंपासूनचे संरक्षण घटते. त्यासाठी पाच वर्षांपर्यंत दिवसातून दोनदा पेनिसिलिन दिले जाते. न्यूमोकोकल लस आता शासनाच्या नियमित लसीकरणात मिळते. फोलिक आम्ल रोज लागते. नऊ महिन्यांपुढील मुलांना डॉक्टर हायड्रॉक्सियुरिया सुरू करू शकतात. या औषधाने वेदनेचे झटके आणि रक्त देण्याची वेळ दोन्ही कमी होतात, पण ते चालू असताना रक्ताची तपासणी ठरल्या वेळी करावीच लागते. ‘रक्त कमी आहे’ एवढ्यावरून लोहाचे औषध देऊ नये. वारंवार रक्त चढवलेल्या मुलाच्या अंगात लोह आधीच साचलेले असू शकते. अंगणवाडीतून लोहाचे औषध मिळाले, तरी आधी डॉक्टरांना विचारावे.

पानथरी तपासायला आईवडिलांना शिकवले जाते आणि ते अवघड नाही. मूल शांत असताना त्याला उताणे निजवावे, गुडघे थोडे दुमडावेत. बोटांची टोके बेंबीच्या डाव्या बाजूला खाली ठेवून, मूल श्वास घेत असताना हलक्या दाबाने वर डाव्या बरगडीकडे सरकवत न्यावीत. बरगडीखाली घट्ट, गोलसर कड लागली, तर ती पानथरी. ती किती बोटे खाली आहे हे वहीत लिहून ठेवावे. एरवी दोन बोटे लागणारी पानथरी एकाएकी चार बोटे लागू लागली, मूल पांढरेफटक पडले, मलूल झाले, पोट फुगले, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा. काही तासांतच रक्त द्यावे लागू शकते. ताप १०१ अंशांच्या वर गेला, तरीही घरगुती उपायांत वेळ न घालवता दवाखाना गाठायचा असतो. आंघोळीनंतर रोज दोन मिनिटे पोटावर हात फिरवणारी आई किंवा बाबा या मुलाचे पहिले डॉक्टर होतात. त्याच हाताने मुलाला या घराची ओळखही पटत जाते.

वर्धा जिल्ह्यात यासाठी दूर जावे लागत नाही. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि त्याला जोडून डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये सुरू केलेली महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था, सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आणि वर्ध्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय जवळच आहेत. आष्टी-कारंजाकडच्या किंवा समुद्रपूरकडच्या कुटुंबाने रात्रीच्या प्रवासाची सोय मात्र आधीच ठरवून ठेवावी : गाडी कोणाची, सोबत कोण, मुलाचा रक्तगट आणि औषधे कुठे लिहिली आहेत. मूल दोन वर्षांचे झाल्यावर मेंदूच्या रक्तवाहिन्यांची डॉपलर तपासणी दरवर्षी करावी, असा सल्ला दिला जातो. पक्षाघाताचा धोका तीत आधीच कळतो.

ऋतूंचाही विचार लागतो. मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ अंशांवर जातो. अंगातले पाणी आटले की पेशी विळ्यासारख्या होतात, म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता पाणी पाजत राहावे. या मुलांची मूत्रपिंडे लघवी दाट करू शकत नाहीत, त्यामुळे ती वारंवार लघवीला जातात आणि काही मुले मोठी झाल्यावरही अंथरूण ओले करतात. त्यासाठी रागावू नये आणि पाणीही तोडू नये. कूलरचा गार झोत थेट अंगावर घेऊन निजवू नये. पावसाळ्यात मच्छरदाणी हवीच, कारण मलेरिया या मुलांना फार जड जातो. थंडीचा कडाकाही वेदनेला निमित्त होतो. नाताळच्या गाण्यांच्या रात्री मुलाला नेताना टोपी, मोजे आणि गरम पाण्याची बाटली बरोबर असावी.

मंडळी आणि नातेवाईक

वर्धा जिल्ह्यातील ख्रिस्ती समाज संख्येने लहान आहे. त्यात उत्तर भारत मंडळीची कुटुंबे आहेत. ही मंडळी २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच स्थापन झाली. कॅथलिक कुटुंबेही आहेत. सिरो-मलबार परंपरेच्या चांदा धर्मप्रांतात वर्धा जिल्हा येतो. लहान समाजात बातमी लपत नाही आणि लपवायचीही गरज नाही. ख्रिस्ती श्रद्धेत दत्तकाला मानाचे स्थान आहे. मोशे फारोच्या कन्येकडे वाढला, योसेफाने येशूला आपला पुत्र म्हणून वाढवले आणि देवाशी माणसाचे नाते सांगताना पौलाने दत्तकाचीच भाषा वापरली. कॅथलिक धर्मनियमांनुसार कायद्याने दत्तक घेतलेले मूल त्या दांपत्याचेच अपत्य मानले जाते आणि बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत दत्तक आईवडिलांची नावे लागतात.

मंडळीची मदत नेमकी मागितली तर उपयोगी पडते. तरुण संघाने रक्तदात्यांची यादी ठेवावी. स्त्री मंडळीतील दोघी-तिघींनी औषधांच्या वेळा आणि धोक्याची लक्षणे शिकून घ्यावीत, म्हणजे आई आजारी पडली तरी मुलाचा डोस चुकणार नाही. धर्ममातापित्यांनाही हे शिकवून ठेवावे. आजारासाठी प्रार्थना अवश्य व्हावी. पण प्रार्थनेने बरे झाले असे मानून पेनिसिलिन थांबवणे मुलाच्या जिवावर बेतू शकते. हे पाळकांनी व्यासपीठावरून सांगितले, तर त्याचे वजन अधिक पडते. ‘कोणाचे पाप कोणाला भोवले’ अशी कुजबुज झाली, तर आजीआजोबांनी तिथेच थांबवावी. घरचा मान मुलाला बहुधा त्यांच्या वागण्यातून मिळतो.

मूल मोठे होताना

दत्तक असल्याचे आणि आजाराचे, दोन्ही सत्य मुलाला लहानपणापासून सोप्या शब्दांत सांगत राहावे. दोन्ही एकत्र सांगितल्यास आजारामुळे आपल्याला सोडले, असा समज होऊ शकतो. म्हणून त्या गोष्टी वेगवेगळ्या वेळी सांगाव्यात. रक्ताच्या नात्यांची माहिती नसल्याने काही अडचणी येतात. अस्थिमज्जा प्रत्यारोपणासाठी जुळणारे सख्खे भावंड सहसा हाताशी नसते, त्यामुळे नियमित उपचारांचे मोल अधिक वाढते. अठरा वर्षांनंतर मुलाला आपल्या मुळांचा शोध घेण्यासाठी अर्ज करता येतो.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत सिकलसेलचा समावेश आहे. प्रमाणपत्र वेळेवर काढल्यास शिक्षणातील आणि प्रवासातील सवलती मिळतात. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानामुळे तपासणीचे जाळे वाढत आहे. शाळेत नाव घालताना शिक्षकांना लेखी कळवावे : पाण्याची बाटली जवळ असू द्यावी, लघवीला लगेच सोडावे, उन्हात उभे करू नये, ताप आला की फोन करावा. याखेरीज इतर मुलांसारखेच वागवावे. लग्नाच्या वयात जोडीदाराची रक्ततपासणी आधी करावी. जोडीदार निर्दोष असेल, तर मुले केवळ वाहक होतात. जोडीदार वाहक असेल, तर प्रत्येक गरोदरपणात मूल ग्रस्त होण्याची शक्यता निम्मी असते. ही माहिती मुलाला वयात येतानाच द्यावी आणि बालरोगतज्ज्ञांकडून मोठ्यांच्या डॉक्टरांकडे जाताना लहानपणापासूनची उपचारांची वही त्याच्या स्वाधीन करावी.