दोन प्रवासांच्या मधलं घर

परदेशप्रवास हा शब्द काढला की आपल्याकडे दोन प्रकारची माणसं डोळ्यांसमोर येतात. एक, ज्यांचा मुलगा अमेरिकेत आहे ते आईवडील. आणि दुसरी, लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला टूर कंपनीबरोबर जाऊन युरोप ‘करून’ येणारी. आम्ही दोघं या दोन्हींत बसत नाही. ह्यांची कऱ्हाडला सहकारी बँकेत नोकरी, मी एका शाळेत तासिकेवर मराठी आणि इतिहास शिकवते, घरात सासूबाई आणि आठवीतली लेक. तरीही आमचे तीन परदेश पाहून झाले: नेपाळ, श्रीलंका आणि मॉरिशस. तिन्ही वेळा आम्ही दोघंच गेलो.

तुम्ही लगेच दोन प्रश्न विचाराल, कारण मला सगळ्याजणी हेच विचारतात. पैसे कुठून आणलेत? आणि मुलीला सोडून जावलं कसं?

आधी पैशांचं सांगते. तासिकेचे पैसे महिन्याच्या महिन्याला मिळतीलच याची खात्री नसते. कधी तीन महिन्यांचे एकदम येतात, आणि आले की घरखर्चात असे विरघळतात की दिसतसुद्धा नाहीत. २०१५ मध्ये मी ठरवलं, की हे पैसे घरखर्चाला लावायचेच नाहीत. गल्लीतल्या भिशीचा एक नंबर, बँकेत चोवीस महिन्यांचं रिकरिंग आणि रद्दी-भंगाराचे पैसे टाकायला बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा, एवढंच आमचं भांडवल. ह्यांनी बोनसमधला थोडा भाग घातला. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, “अहो, एवढ्यात पाटल्या झाल्या असत्या.” झाल्या असत्या, खरंच. पण पाटल्या लॉकरमध्ये राहिल्या असत्या, आणि लॉकरची किल्ली ह्यांच्याकडे असते!

मुलीचा प्रश्न मात्र असा हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. २०१७ साली ती पाच वर्षांची होती. मी कचरत होते. सासूबाई म्हणाल्या, “मी चार पोरं वाढवली, ही एक आठ दिवस सांभाळीन. पण एक अट. रोज रात्री फोन करून काय खाल्लं ते सांगायचं.” सासूबाई पंढरपूर आणि आळंदीच्या पलीकडे कधी गेलेल्या नाहीत. मला आधी वाटलं, आम्ही जेवतो की नाही याची त्यांना काळजी. पुढे कळलं, की त्या फोनवरून त्या स्वतःच प्रवास करत होत्या.

पहिला देश नेपाळ निवडला, कारण तिथे आपल्याला व्हिसा लागत नाही आणि विमानाशिवायही जाता येतं. भाऊबीज झाली, दुसऱ्या दिवशी निघालो. कल्याणहून गोरखपूरपर्यंत रेल्वे, तिथून बसने सोनौली. तिथे एका कमानीखालून आम्ही चालत चालत दुसऱ्या देशात गेलो. ह्यांच्या हातात बॅग, माझ्या हातात चिवड्याचा डबा. परदेशात पाऊल टाकलं ते असं! पलीकडे गेल्यावर घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करावं लागलं. एका नेपाळी रुपयाला आपले त्रेसष्ट पैसेही पडत नाहीत. आपल्या शंभराचे तिथे एकशेसाठ होतात. शंभराच्या वरच्या आपल्या नोटा तेव्हा तिथे चालत नव्हत्या, म्हणून ह्यांनी बँकेतून शंभराच्याच जुड्या आणल्या होत्या.

मला सर्वांत नवल वाटलं ते पाट्यांचं. दुकानांवर, बसवर सगळीकडे देवनागरी. वाचता येतं, पण अर्ध्याचा अर्थ लागत नाही. आपल्याच अक्षरांनी आपल्याशी लपंडाव खेळावा तसं. भक्तपूरला न्यातपोलाचं पाच मजली देऊळ पाहिलं. १७०२ साली राजा भूपतींद्र मल्लाने बांधलेलं हे देऊळ २०१५ च्या भूकंपात उभं राहिलं. आजूबाजूला मात्र पडलेल्या विटांचे ढीग होते आणि त्या ढिगांशेजारी बायका भात वाळवत बसल्या होत्या. तिथेच मातीच्या वाडग्यातलं ‘जुजू धौ’ खाल्लं, म्हणजे दह्यांचा राजा. म्हशीच्या दुधाचं, घट्ट, गोडसर. रात्री फोनवर सासूबाईंनी अर्धा तास त्या दह्याचीच चौकशी केली.

पण मैत्रिणींनो, नेपाळची खरी आठवण देवळाची नाही आणि दह्याचीही नाही. पोखऱ्याला फेवा तलावाच्या काठी आम्ही पहाटे बसलो होतो. समोर माछापुच्छ्रेचं शिखर, माशाच्या शेपटीसारखं दुभंगलेलं, हळूहळू गुलाबी होत होतं. लग्नाला सहा वर्षं झाली होती. त्या सहा वर्षांत आमचं बोलणं म्हणजे “दूध आलं का”, “लाइट बिल भरलं का”, “आईंच्या गोळ्या संपल्या” एवढंच. सकाळी डबा, संध्याकाळी भाजी, रात्री बातम्या. भांडण नव्हतं काही, पण बोलणंही नव्हतं. त्या सकाळी ना दूधवाला येणार होता ना कुणी हाक मारणार होतं. बऱ्याच वेळाने हे म्हणाले, “अगं, तू बी.एड. करायला हवं होतंस. मी तेव्हा ‘बघू’ म्हटलं आणि विषय तसाच राहिला. चूक माझीच होती.”

मी काही बोलले नाही. चहा आला, तो प्यालो. पण ‘बघू’ हा शब्द यांना सहा वर्षं आठवत होता, हे मला कऱ्हाडच्या स्वयंपाकघरात कधीच कळलं नसतं.

परत आल्यावर काय झालं? खरं तर काहीच नाही. तेच कुकर, तीच शाळा. पण एक नवी सवय लागली. गुरुवारी रात्री जेवणं उरकली की लेकीचा भूगोलाचा नकाशासंग्रह ओट्यावर उघडायचा आणि पुढचा देश शोधायचा. त्या निमित्ताने इतरही बोलणं व्हायचं. ह्यांच्या बदलीचं, माझ्या शाळेचं, कुणाला काय खुपतंय त्याचं. दोन वर्षांत असे शंभर गुरुवार येतात. आठ दिवसांच्या प्रवासापेक्षा हे गुरुवारच मोठे, असं आता वाटतं.

श्रीलंकेला आम्ही २०१९ च्या दिवाळीच्या सुट्टीत गेलो. त्या वर्षी एप्रिलमध्ये ईस्टरच्या दिवशी तिथे बाँबस्फोट झाले होते. माहेरच्यांनी डोक्याला हात लावला. पण पर्यटक कमी झाल्यामुळे तिथल्या सरकारने ऑगस्टपासून आपल्याला व्हिसाचं शुल्क माफ केलं होतं, आणि हॉटेलं स्वस्त झाली होती. सामानाच्या तपासण्या जागोजागी होत्या, त्या निमूटपणे करून दिल्या.

कोलंबोहून कँडीला रेल्वेने गेलो. तिथे संध्याकाळच्या पूजेच्या वेळी दंतमंदिरात ढोल वाजतात आणि माणसं ओंजळीत कमळं घेऊन रांगेत उभी असतात. बुद्धाचा दात काही दिसत नाही, दिसते ती सोन्याची मंजूषा. तरी दर्शन झाल्याचं समाधान सगळ्यांच्या चेहऱ्यावर, अगदी आपल्या पंढरपूरच्या रांगेसारखं. कँडीच्या पुढची गाडी डोंगर चढू लागली, पाऊस सुरू झाला आणि दोन्ही अंगांना चहाचे मळे लागले. १८६७ साली जेम्स टेलर या स्कॉटिश माणसाने तिथे चहाची पहिली व्यापारी लागवड केली, हे मी वाचून गेले होते. पण पानं तोडणाऱ्या बायका पाहिल्या आणि ते वाचन मागे पडलं. कपाळावरून पट्टा घेऊन पाठीवर झोळी, पायांत जळवा लागू नयेत म्हणून गुंडाळलेली फडकी. यातल्या बहुतेकजणी तमिळ. त्यांच्या पणज्यांना इंग्रजांनी दक्षिण भारतातून मळ्यांवर आणलं. ठरलेली किलो पानं भरली तरच दिवसाची पूर्ण हजेरी. आपल्याकडे ऊसतोडीच्या टोळ्या येतात, त्यातल्या बायकांची मला आठवण झाली. त्या दिवसापासून सकाळचा चहा उकळताना माझा हात चहापत्तीच्या डब्यात जरा जपून जातो.

तिकडून मी आणली ती चटणी. ‘पोळ संबोल’ म्हणतात. इथल्या पोळीशी तिचा संबंध नाही, सिंहलीत ‘पोळ’ म्हणजे नारळ! ओल्या नारळाचा चव, लाल तिखट, बारीक चिरलेला छोटा कांदा, मीठ आणि लिंबू पाट्यावर ओबडधोबड वाटायचं. तिथे त्यात सुके मासे घालतात, आम्ही ते वगळले. गरम भाकरीबरोबर करून पाहा. आमच्याकडे आता शनिवारची हीच चटणी असते.

पुढचा प्रवास २०२१ मध्ये ठरवला होता. त्या वर्षी काय झालं ते तुम्हां सगळ्यांना ठाऊक आहे. दुसऱ्या लाटेत आमचे सासरे गेले. रिकरिंग मोडलं, भिशीचे पैसे आणि डब्यातली चिल्लरसुद्धा दवाखान्यात गेली. त्याबद्दल आमच्या दोघांत एक शब्दही झाला नाही. पैसा वेळेला होता, याचंच समाधान. पुढचं वर्षभर कुणी नकाशा उघडला नाही. मग एका गुरुवारी सासूबाईंनीच नकाशासंग्रह आणून ओट्यावर ठेवला. “हे गेले म्हणून घर थांबवायचं नसतं,” एवढंच म्हणाल्या.

२०२४ च्या मे महिन्यात मॉरिशसला गेलो. मुंबईहून थेट विमान, सहा-एक तासांचं. घड्याळ दीड तास मागे. आपल्याकडे वैशाख पेटलेला आणि तिथे थंडीची सुरुवात. समुद्र निळाशार, त्याचं वर्णन मी करत नाही, ते तुम्ही कॅलेंडरवर पाहिलेलंच आहे. मला नवल वाटलं ते उसाचं! विमानतळापासून दोन्ही बाजूंना ऊस, काही ठिकाणी तुरे आलेले. हे खिडकीला नाक लावून म्हणाले, “एवढ्या लांब येऊन पुन्हा उसातच!”

त्या उसासाठीच तिथे आपली माणसं गेली. पोर्ट लुईला बंदराजवळ आप्रवासी घाट आहे. २००६ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हणून मान दिला. १८३४ पासून पुढच्या काळात जवळजवळ पाच लाख मजूर करारावर हिंदुस्थानातून या बेटावर आले. बहुतेक बिहारकडचे आणि मद्रासकडचे. पण मुंबई बंदरातून आलेले कोकणातलेही होते. बोटीतून उतरलेला माणूस दगडी पायऱ्या चढून यायचा आणि त्याला एक नंबर मिळायचा. पुढे त्यांचे फोटोही काढू लागले. त्या पायऱ्यांपाशी आम्ही दोघं गप्प उभे राहिलो. आम्ही हौसेने आलो होतो, परतीचं तिकीट पर्समध्ये होतं. ते पोटासाठी आले, आणि बहुतेकांचं परतणं झालंच नाही.

तिथल्या बाजारात डाळपुरी खाल्ली. पिवळी डाळ शिजवून, वाटून आत भरलेली, पातळ आणि मऊ. गूळ न घातलेली पुरणपोळीच म्हणा ना! जोडीने देतात, वर पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांची उसळ आणि टोमॅटोचा रस्सा. खाता खाता मी ह्यांच्याशी बोलत होते, ते ऐकून शेजारच्या कापडाच्या दुकानातल्या बाई बाहेर आल्या. साठीच्या असतील. त्यांनी इंग्रजीत विचारलं, “तुम्ही मराठी का? आम्हीही मराठी.” घरात त्या क्रिओल बोलतात. मराठीतले थोडेच शब्द त्यांना येत होते, पण गणपतीची आरती पाठ होती. तिथे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते आणि शाळेत मुलांना मराठी विषय घेता येतो. त्यांची नातही शाळेत मराठी शिकत होती. मग त्यांनी विचारलं, “तुमचं गाव रत्नागिरीच्या जवळ आहे का?” त्यांच्या पणजोबांच्या कागदावर रत्नागिरी लिहिलेलं होतं, एवढंच त्यांना माहीत होतं. मी सांगितलं, की आमच्या गावाहून कुंभार्ली घाट उतरला की चिपळूण, आणि चिपळूण रत्नागिरी जिल्ह्यातच. बाईंनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

त्या रात्री फोनवर सासूबाईंना हे सांगितलं, तर पलीकडे शांतता. मग म्हणाल्या, “अगं, तिला इकडे बोलावलंस की नाही?”

शाळेत मी ही गोष्ट सातवीच्या वर्गाला सांगितली, तेव्हा तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी उठेना. एका मुलाने विचारलं, “बाई, ते परत का नाही आले?” त्या दिवशी घरी येऊन मी ह्यांना म्हटलं, की आता चौथ्या देशाचं राहू दे. डब्यातले पैसे मला बी.एड.साठी हवेत. सीईटी द्यायची, मग दोन वर्षं अभ्यास. पस्तिशी उलटलेली, वर्गात लेकीपेक्षा थोड्याच मोठ्या मुली असतील. हे या वेळी ‘बघू’ म्हणाले नाहीत. उठून डब्यावरची जुनी चिठ्ठी काढली आणि नवी चिकटवली.

तुम्हांला कुठे जायचं असेल तर दोन-चार गोष्टी लक्षात ठेवा. आधी पासपोर्ट काढा, मग स्वप्नं पाहा. तो प्रवासानंतरही किमान सहा महिने वैध हवा. पासपोर्टच्या झेरॉक्स दोघांच्या बॅगांत वेगवेगळ्या ठेवा. औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट न्या. एक जोडी कपडे हातातल्या पिशवीत असू द्या, मोठी बॅग मागे राहिली तर रडायची वेळ येत नाही. आणि रिकरिंग स्वतःच्या नावावर उघडा.

परदेश नाही जमला तर महाबळेश्वर चालेल, गणपतीपुळे चालेल. पण वर्षा-दोन वर्षांतून एकदा दोघांनीच जा. आणि आल्यावर गुरुवार सोडू नका. आमच्या ओट्यावर आता नकाशाशेजारी माझी सीईटीची पुस्तकं असतात. हे प्रश्न विचारतात, मी उत्तरं देते, आणि चुकलं की सासूबाई हसतात.